महापुराचा दगड

"ती रेघ फक्त दोन बोटं खाली आणायची, बस!" वल्ही म्हणाली. "दोन बोटं म्हणजे काय फार झालं?"

"पुसून टाकू आणि खाली नवी काढू," भोंगा म्हणाला. "आमच्याकडे उरलेला रंग आहे. हिरवा आहे, पण..."

"लाल रेघ हिरव्या रंगाने काढणार? धन्य आहेस बाबा!" टाचणीने कपाळावर हात मारून घेतला.

तिघं वल्हीच्या ओट्यावर पाय सोडून बसली होती. नुकतीच शाळेला सुट्टी लागली होती. एरवी सुट्टीत खालच्या गल्लीत एवढा गोंगाट असे, की घराघरातून कोणी ना कोणी ओरडत बाहेर येई. या वर्षी ओरडायला माणसंच उरली नव्हती. समोरच्या घराला कुलूप होतं. त्याच्या शेजारच्यांनी तर जाताना दारं-खिडक्यासुद्धा काढून नेल्या होत्या, आणि त्या भगदाडांतून पलीकडची नदी दिसत होती.

सगळं त्या लाल रेघेमुळे झालं होतं. चौकातल्या वाचनालयाच्या भिंतीत एक काळा दगड बसवलेला होता. आजोबांच्या आजोबांच्या काळात महापूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं, ते दाखवणारी रेघ त्याच्यावर कोरलेली होती. मोजणीसाहेब तिपाई आणि दुर्बीण घेऊन आले, त्यांनी त्या दगडावरून उंची धरली आणि गल्लीतल्या प्रत्येक घरावर तेवढ्याच उंचीला लाल रेघ ओढली. ज्या घराचं जोतं रेघेच्या खाली, ते घर पावसाळ्याआधी रिकामं करायचं. वर मैदानात नवी वसाहत होणार होती, तिथे प्रत्येकाला जागा मिळणार होती.

वल्हीच्या घराचं जोतं रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

तिचे बाबा नावाडी होते. म्हणून तर सगळे तिला वल्ही म्हणत. पलीकडच्या काठावर माणसं सोडून परत येताना नाव रिकामी असली, की बाबा एक दगड घालून आणत. "रिकामी नाव फार डुलते," असं म्हणत. असे एकेक करून आणलेले दगड रचून त्यांनी हे जोतं बांधलं, बरोबर महापुराच्या रेघेइतकं उंच. पुढे जमीन थोडी दबली, तेवढीच दोन बोटं कमी पडली. पुढे पूल झाला, नाव बंद पडली, आणि गेल्या हिवाळ्यात बाबाही गेले. आता आई दिवसभर यंत्रावर लोकांचे कपडे शिवत होती. लोकच कमी झाले, तसे कपडेही.

"रंग नको," टाचणी म्हणाली. ती अंगाने बारीक आणि बोलायला टोचरी होती, पण तिचं डोकं चाले. "रेघ कुठून आली? दगडावरून. तर आधी दगड बघू."

"जन्मापासून बघतोय की!" भोंगा म्हणाला. "मी रोज त्याच्या कडीला दप्तर अडकवतो."

टाचणी एकदम थांबली. "कडी? त्या दगडाला कडी कशाला आहे?"

"दप्तर अडकवायला," भोंगा म्हणाला. मग स्वतःशीच विचार करून म्हणाला, "नाही, तसं नसेल."

तिघं चौकाकडे पळत सुटली.

वाचनालयात ग्रंथपाल खुर्चीत डुलक्या घेत होते. बाहेर भिंतीत तो दगड होता. खाली रेघ आणि वर लोखंडी कडी. वल्हीने कडी उलटून पाहिली. आतल्या बाजूने ती घासून घासून पातळ झाली होती.

"हे दोराने घासलंय," ती म्हणाली. "बाबांच्या धक्क्यावरची कडी अश्शीच होती! हिला नाव बांधत होते!"

"वाचनालयाला?" भोंगा ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा होता, की ग्रंथपालांची खुर्ची आत करकरली. भोंगा गिरणीच्या भोंग्याची हुबेहूब नक्कल करी. एकदा वर्गात केली, तर मास्तरसुद्धा डबा घेऊन उठले होते. तेव्हापासून त्याचं नाव हेच.

"हळू बोल!" टाचणी म्हणाली. "अरे, म्हणजे हा दगड इथला नाहीच. कुठल्यातरी काठावरून काढून इथे आणून बसवलाय!"

वल्हीचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळला. "काठावरून म्हणजे खालून! खालचा दगड वर आणून बसवला. म्हणजे पाणी खरं तर एवढं चढलंच नव्हतं. रेघ खाली जाणार! दोन बोटं काय, चांगली कमरेएवढी खाली जाईल!"

ती सकाळ त्यांनी नदीकाठी घालवली. धक्क्याच्या पायऱ्या, पुलाचे खांब, धोब्यांचे दगड, सगळं पाहून झालं. बाबांची नाव काठावर पालथी पडली होती, तिच्याखाली कुत्री व्यायली होती. कुठेही जुनी भिंत नव्हती, आणि बाबांच्या धक्क्यावरची ती एक सोडली तर कड्या नव्हत्या.

"नदी दुसरीकडे असती तर बरं झालं असतं," भोंगा खाली बसून गुडघा चोळत म्हणाला.

"गुडघ्याला काय झालं?"

"कालचा गोल वाचवला ना! त्या मैदानात जरा उकरलं की गोटे लागतात. गोल गोल, गुळगुळीत. गोलकीपरचे हाल कोणाला कळणार!"

वल्हीने पायाखालचा एक गोटा उचलून त्याच्यापुढे धरला. "असे?"

"अगदी असेच."

टाचणीचे डोळे मोठे झाले. "असे गोटे नदीशिवाय कोण घडवतं? आणि मैदानाच्या वरच्या अंगाला कोणता बोळ आहे?"

"नावाड्यांचा बोळ," वल्ही म्हणाली. ते नाव ती जन्मापासून ऐकत होती. त्या बोळात एकही नावाडी राहत नव्हता, आणि तिथून नदी एवढी लांब होती, की ओरडलं तरी धक्क्यावर ऐकू जात नसे. बोळ सरळ नव्हता, एका बाजूला वाकत गेलेला होता, जसा नदीचा काठ वाकतो.

"नदी आधी तिकडून वाहत होती!" टाचणी म्हणाली. "मैदान म्हणजे जुनं पात्र! नंतर कधीतरी ती खाली सरकली."

"पण बोळ तर वर आहे," वल्ही हळूच म्हणाली.

तिने हातातला गोटा खाली ठेवला. मग भोंगा म्हणाला, "बघून तर येऊ. बघायला काय जातंय!"

नावाड्यांच्या बोळात जुनी दगडी भिंत एकच होती, गोदामाची. तिचा मैदानाकडचा भाग पोत्यांच्या छपरीने झाकलेला होता आणि छपरीच्या तोंडाशी राखणदार स्टूल टाकून बसला होता.

"काका, जरा आत बघू?"

"काय बघायचंय? पोती बघायचीत? घरी नाहीत?"

"भिंत बघायचीय."

"भिंत!" राखणदार म्हणाला. "जेवायच्या सुट्टीपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि मी आहे तोवर तुम्ही आत जाणार नाही. पळा!"

तिघं कोपऱ्यावरून वळली. टाचणीने भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याने टाचणीकडे पाहिलं. मग त्याने छाती फुगवली, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि गिरणीचा भोंगा सगळ्या बोळात घुमला!

"आज लवकर झाला वाटतं," राखणदार पुटपुटला आणि डबा उचलून निघाला.

तिघं छपरीत घुसली. पोत्यांच्या मागे अरुंद फट होती, तीतून टाचणी सहज गेली, वल्ही खरचटत गेली आणि भोंगा अडकला.

"मला सोडून जा," तो नाटकी आवाजात म्हणाला. "काय दिसतं ते ओरडून सांगा."

भिंतीवर एका रांगेत कड्या होत्या. सगळ्या गंजलेल्या, सगळ्या आतून घासलेल्या. मधेच एका ठिकाणी दगडाऐवजी विटा भरल्या होत्या, बरोबर त्या काळ्या दगडाच्या मापाच्या. आणि कड्यांच्या खालून भिंतभर एक कोरलेली रेघ जात होती. ती विटांपाशी थांबे आणि पलीकडे पुन्हा सुरू होई.

रेघ वल्हीच्या छातीशी होती. पण वल्ही उभी होती ती गावाच्या वरच्या टोकाला.

"सापडलं का?" भोंगा तिकडून विचारत होता.

"सापडलं," टाचणी म्हणाली.

टाचणीचे आजोबा गवंडी होते. राखणदार परतायच्या आत त्यांची पातळी बघायची नळी तिने न विचारता आणली. लांब, पारदर्शक नळी पाण्याने भरायची. एक टोक इकडे, एक टोक तिकडे. मध्ये चढ असो, उतार असो, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला उभं राहतं. असं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, खडूने खूण करत जायचं. म्हणजे गोदामातली रेघ थेट खालच्या गल्लीपर्यंत नेता येते.

"बुडबुडा राहू देऊ नका," टाचणी बजावत होती. "बुडबुडा राहिला की सगळं खोटं!"

मैदानात नव्या वसाहतीचे खुंटे ठोकलेले होते. मुलांनी बांबूचे गोलपोस्ट उभे केले होते, तिथे पहिली खूण करायची ठरली. वल्ही गोदामाशी टोक धरून उभी राहिली. भोंग्याने दुसरं टोक गोलपोस्टला लावलं आणि वर वर नेलं. पाणी आडव्या दांडीच्याही वर उभं राहिलं.

"हे बरोबर नाही," भोंगा म्हणाला. "मी उडी मारली तरी माझं डोकं पाण्याखाली?"

"बुडबुडा असेल," वल्ही म्हणाली.

नळी रिकामी केली, पुन्हा भरली, पुन्हा धरली. पाणी तिथेच उभं राहिलं.

शाळेपाशी भोंग्याला कुंपणाच्या भिंतीवर चढावं लागलं. वाचनालयापाशी टाचणी त्याच्या खांद्यावर उभी राहिली आणि खूण पागोळीच्या जरा खाली आली. काळा दगड तिच्या पायांच्याही खाली, भोंग्याच्या पोटाशी होता. ग्रंथपाल बाहेर आले आणि म्हणाले, "वाचनालयावर चढू नये, अशी पाटी लावायची राहिली वाटतं!" एरवी यावर तिघं पोट धरून हसली असती.

खालच्या गल्लीत शिरताना वल्ही म्हणाली, "पुन्हा एकदा पाणी बदलू या का?"

"बदलू," टाचणी म्हणाली. आज तिचा आवाज टोचत नव्हता.

शेवटची खूण दाराच्या चौकटीच्या वर आली. खाली बाबांनी आणलेले दगड होते, त्यांच्यावर लाल रेघ होती, तिच्या वर दार होतं, आणि दाराच्याही वर, भोंग्याच्या खांद्यावर चढून, वल्हीने खडूने एक फुली मारली. आतून यंत्राचा आवाज येत होता. आई उठून दारात येऊन उभी राहिली असती, तरी ती फुली तिच्या डोक्याच्या कितीतरी वर राहिली असती.

म्हणजे बाबांनी चुकीच्या दगडाला धरून जोतं बांधलं होतं. दगड रचताना त्यांना वाटत होतं, आता पाणी घरात येणार नाही.

तिघं ओट्यावर येऊन बसली.

"ऐका," भोंगा शेवटी म्हणाला. त्याला हळू बोलता येतं, हे त्या दोघींना पहिल्यांदाच कळलं. "आपण फक्त एवढंच सांगू, की दगड हलवलेला आहे. कडी दाखवू. मग साहेबांची रेघ रद्द. कुठून हलवला, ते कशाला सांगायचं? महापूर काही दरवर्षी येत नाही."

टाचणी वल्हीकडे बघत होती. "तू ठरव," ती म्हणाली. "घर तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात सभा होती. मैदानातल्या जागांच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या. मोजणीसाहेब टेबलाशी बसले होते, शेजारी गावचे अध्यक्ष. खालच्या गल्लीतली उरलेली माणसं मागे उभी होती. आई दाराशी होती, हातात कोणाची तरी अर्धी शिवलेली बाही तशीच राहिली होती.

"साहेब, एक विचारू?" वल्ही पुढे झाली.

"मुलांनी मधे बोलू नये," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, वाचनालयाला नाव कोण बांधत होतं?"

सगळे हसले. साहेबही हसले. मग ती त्यांना बाहेर घेऊन गेली, कडी उलटून दाखवली, आणि साहेबांचं हसू गेलं.

"हा दगड मूळचा इथला नाही?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं.

अध्यक्षांनी ग्रंथपालांकडे पाहिलं, ग्रंथपालांनी गवंडी आजोबांकडे. आजोबा गर्दीत मागे होते, टाचणीहून थोडेच उंच.

"आधीच्या अध्यक्षांनी आणायला लावला," आजोबा म्हणाले. "चौकात शोभून दिसेल म्हणाले. मी विचारलं, केवढ्या उंचीवर लावू? तर म्हणाले, महापुरात पाणी छातीभर आलं होतं, छातीभर लाव. मी छातीभर लावला."

"कोणाच्या छातीभर?"

"आता लावणारा मी, तर छाती कोणाची असणार?"

लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आजोबा उंच असते तर आपण सगळेच गेलो असतो!" साहेबांनी मात्र घाम पुसला. "दगडच खोटा असेल, तर रेघ रद्द करावी लागेल. पुन्हा मोजणी होईपर्यंत कोणी घर सोडायचं नाही."

गल्लीतली माणसं एकदम बोलू लागली. वल्हीने मागे पाहिलं. आई हसत होती. बाबा गेल्यानंतर आई तशी हसली नव्हती. ती बाही छातीशी धरून ती शेजारणीला काहीतरी सांगत होती, बहुतेक परत घरी जाऊन काय काय करायचं ते.

भोंगा आणि टाचणी वल्हीकडे बघत होते.

"साहेब," वल्ही म्हणाली. गलक्यात ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं, "साहेब, खरी जागा आम्हाला सापडली आहे. वर, गोदामाच्या भिंतीत. तिथून आम्ही नळीने पातळी आणली. मैदानात होणाऱ्या घरांवरून पाणी जाईल. शाळेत जाईल. इथे, या वाचनालयात, छतापर्यंत येईल. आणि आमच्या घरी दाराच्या वर."

साहेबांनी तिपाई उचलली आणि सगळी सभा त्यांच्यामागून गोदामाकडे निघाली. राखणदार डबा घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भोंगा झाला का?" संध्याकाळपर्यंत मोजणी चालली. मुलांच्या खडूच्या खुणा आणि दुर्बिणीतली खूण जवळजवळ सगळीकडे जुळली. मैदानातले खुंटे त्याच दिवशी उपटले गेले. नवी वसाहत आता टेकडीपलीकडे करायची, असं ठरलं. आधी खालची गल्ली, मग शाळा आणि चौक, मग हळूहळू सगळंच गाव. टेकडीपलीकडे पाणी नव्हतं, रस्ता नव्हता, आणि तिकडून नदी दिसत नव्हती.

वाचनालयात परतल्यावर अध्यक्षांनी मुलांना टेबलाजवळ बोलावलं. "आम्ही इतकी वर्षं या दगडासमोरून गेलो, आम्हाला दिसलं नाही!" ते म्हणाले. "या मुलांनी अख्ख्या गावाला वाचवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तिघांशी मोठ्या माणसांशी करतात तसं हस्तांदोलन केलं. "उत्तम काम! असं चोख काम माझी माणसंसुद्धा करत नाहीत," ते म्हणाले. गवंडी आजोबांनी टाचणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न विचारता नळी नेल्याबद्दल कानही धरला.

घरी जाताना आई पुढे चालत होती. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"बाबांनी त्याच दगडावरून सूत धरलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्यांना कळलं नाही, ते बरं झालं."

आईने वल्हीचा हात धरला आणि पुन्हा चालू लागली. "बरोबर केलंस तू," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पण आता तू जरा जेव."

आठवड्याने रंगवाला आला. त्याने जोत्यावरची जुनी रेघ पुसली, ओट्यावर चढला आणि वर हात केला. हात पोचेना.

"बाई, काही आहे का चढायला?"

आई यंत्रावरून उठली. बसायचं स्टूलच तिने बाहेर आणून दिलं. आत सामान बांधून झालं होतं. फक्त यंत्र, स्टूल आणि एक गाठोडं उरलं होतं. स्टूल डगडगत होतं, म्हणून वल्हीने ते दोन्ही हातांनी धरलं.

"तूच का ती, नळीवाली?" रंगवाल्याने वरून विचारलं. "साहेब सारखं तुझंच नाव घेतात. फार हुशार आहेस हं!"

कुंचला दाराच्या वरून सरकत गेला. लाल रंगाचे दोन थेंब खाली ओट्यावर पडले. रंगवाल्याने मान मागे करून आपलं काम पाहिलं आणि उतरायला पाय खाली घेतला.

"थांबा," वल्ही म्हणाली. ती एकेका टोकाकडे नीट बघत होती. "डावीकडे थोडी वर घ्या. अजून थोडी वर."